राबणाऱ्याचे छप्पर

कनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांच्या ओवऱ्यांतून रात्री माणसे निजतात, हे दिल्लीत राहणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. दुकानांची लोखंडी दारे खाली ओढली गेली की पुठ्ठे पसरले जातात. बाबा खडकसिंग मार्गावरील हनुमान मंदिराच्या आसपास, भुयारी मार्गांच्या पायऱ्यांवर आणि स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला देहांच्या रांगा लागतात. या माणसांविषयी व्यापारी गाऱ्हाणी करतात, गिऱ्हाइके नाके मुरडतात, आणि आमच्या लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतीतील शिकली-सवरली मंडळीही 'यांना येथून हलवा' एवढ्या तीन शब्दांत प्रश्न निकालात काढतात. त्या मंडळींत आमचे मराठी बांधवही आहेत. म्हणूनच या प्रश्नाचा ऊहापोह मराठीत आणि मराठी वाचकांसमोर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम तक्रारीला तिचा न्याय दिला पाहिजे. सकाळी दुकान उघडावयास आलेल्या माणसाला उंबरठ्यावर घाण दिसली तर त्याने संतापू नये असे कोण म्हणेल? ओवरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नशा करून पडलेल्या तरुणांपुढून जाताना एखाद्या कामकरी स्त्रीचे पाऊल अडखळले, तर तिचे भय खोटे नाही. हे सारे आम्ही मान्य करतो. परंतु तक्रार खरी असली म्हणून तीवर सुचविलेला उपाय खरा ठरत नाही. ज्याला रात्री शौचालयाचे उघडे दार मिळत नाही, तो आडोसा शोधणारच. आणि व्यसनाने ग्रासलेल्या पोराला येथून उठवून यमुनेच्या काठी नेऊन टाकले, तर त्याचे व्यसन तेथे सुटते असा अनुभव नाही. 'हलवा' हे क्रियापद सकर्मक आहे, आणि त्याला स्थळाचीही अपेक्षा आहे. कोठे हलवावयाचे, हे मात्र तक्रार करणारा सांगत नाही.

हलविण्याचा हा उद्योग या जागेला नवा नाही. आज जेथे हे वर्तुळाकार बाजार उभे आहे, तेथे माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार ही गावे होती. १९११ साली राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली, जमिनी संपादन झाल्या, गावे उठविली गेली, आणि १९२९ ते १९३३ या काळात रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे हे देखणे बाजार उभे राहिले. ते देखणे आहे, यात शंका नाही. पण या जागेवर आपला अनादि अधिकार असल्याप्रमाणे जे बोलतात, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी येथून कोण उठले याचे स्मरण ठेवलेले बरे.

आता ही निजणारी माणसे कोण आहेत, ते पाहू. त्यांना सरसकट भिकारी म्हणण्याची आपणांस सवय लागली आहे, कारण ती सोयीची आहे. वस्तुतः त्यांपैकी फार मोठा भाग राबणारा आहे. लग्नसराईत ज्या मांडवांत आपण पंगतीला बसतो, तेथे भांडी घासणारे आणि ताटे उचलणारे हात बहुधा पदपथावरून आलेले असतात. खारी बावलीत मसाल्याची पोती पाठीवर वाहणारे हमाल, हातगाडी ओढणारे, सायकल-रिक्षा चालविणारे, कचऱ्यातून कागद व प्लास्टिक वेचून शहराचा भार हलका करणारे, इमारतींवर रोजाने जाणारे, ही सारी माणसे रात्री त्याच जागी पडतात, जेथून पहाटे कामाला लवकर पोहोचता येते. त्यांत घरातून हाकललेले म्हातारे आहेत, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया आहेत, मनाचा तोल गेलेले अभागी जीव आहेत, आणि होय, भीक मागणारेही आहेत. परंतु त्या शेवटच्या वर्गावरून सर्वांचे मूल्य ठरविणे म्हणजे एखाद्या कचेरीतील एका लाचखोरावरून साऱ्या कारकुनांना चोर ठरविण्यासारखे आहे. आणि आमच्या वसाहतीत असा न्याय कोणासही रुचणार नाही.

त्यांची संख्या किती? २००० साली आश्रय अधिकार अभियानाने रात्री हिंडून दिल्लीत ५२,७६५ बेघर मोजले. २०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झालेल्या मोजणीत, दिल्लीत ४६,७२४ आणि साऱ्या देशात १७ लाख ७३ हजार बेघर आढळले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. एका रात्रीत, अंधारात, पुलांखाली आणि पाइपांत निजलेल्या माणसांची मोजणी पुरी होते असे कोणीही म्हणणार नाही. पण हेच आकडे धरले तरी, पावणेदोन कोटींच्या या नगरीत पन्नास हजार माणसांना रात्रीचा आडोसा देणे हे काम राज्यसत्तेच्या आवाक्याबाहेरचे नाही, एवढे त्यांवरून नक्की सिद्ध होते.

येथे आम्ही आमच्या वसाहतीकडे वळतो, कारण या विवादाचे मर्म आमच्या मते तेथेच आहे. लक्ष्मीबाई नगरातील घरे कोणाची? तेथे राहणाऱ्यांची खचित नव्हेत. ती सरकारची आहेत. नोकरी आहे तोवर नाममात्र शुल्कावर राहावयाचे आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत किल्ली परत करावयाची, असा हा व्यवहार आहे. ही सोय सरकारने का केली? दया म्हणून नव्हे. ज्याने राजधानीत काम करावयाचे त्याला कामाच्या जागेपासून बेताच्या अंतरावर निवारा हवा, बाजारभावाने तो त्याला परवडणार नाही, आणि निवाऱ्यावाचून त्याच्याकडून नीट काम होणार नाही, हा साधा हिशेब त्यामागे आहे. नवी दिल्ली आखली गेली तेव्हाही व्हाइसरॉयपासून चपराशापर्यंत प्रत्येकाला हुद्द्याप्रमाणे घर नेमून दिले होते आणि गोल मार्केटच्या भोवती कारकुनांची बिऱ्हाडे थाटली होती. ज्या मजुरांनी या राजधानीचे दगड वाहिले, त्यांना मात्र त्या नकाशात हुद्दा नव्हता. आजही नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, जो हिशेब कारकुनाला लागू तोच हमालाला लागू आहे. सचिवालयातील कागद जागेवर नेणाऱ्या माणसाला कामाजवळ छप्पर मिळणे ही व्यवस्था, आणि बाजारातील पोते जागेवर नेणाऱ्याला ते मिळणे ही खैरात, हा भेद कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? आमच्या डोक्यावरील छप्पर सरकारी असताना दुसऱ्याच्या डोक्यावर सरकारने छप्पर घातल्यास आम्ही 'फुकटेपणा' म्हणून ओरडावे, हे शोभणारे नाही. शिवाय आमच्या नगराला जिचे नाव आहे, ती झाशीची राणी १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर कायदेशीर हुकुमानेच स्वतःच्या किल्ल्यातून शहरातल्या वाड्यात राहावयास गेली होती. कायदेशीर हुकूम म्हणजेच न्याय, असे मानण्याची चूक निदान तिच्या नावाच्या वसाहतीत होऊ नये.

कायद्याचा विषय निघाला, तेव्हा मराठी माणसाला अधिकच खाली मान घालावयास लावणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिल्लीच्या रस्त्यांवरील गरिबांना पकडण्यासाठी जो कायदा जवळजवळ सहा दशके वापरला गेला, तो दिल्लीचा नव्हताच. तो मुंबईचा होता. १९५९ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने भिक्षाप्रतिबंधक कायदा केला आणि १९६० साली तो दिल्लीस लागू करण्यात आला. त्याची व्याख्या पाहा. हात पसरणारा तर त्यात भिकारी ठरतोच. पण सार्वजनिक जागी गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, किरकोळ वस्तू विकू पाहणाराही त्यात येतो. याहून पुढे जाऊन, ज्याला उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा स्थितीत भटकतो वा थांबतो की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारी. म्हणजे त्याने मागितले पाहिजे असेही नाही. तसा दिसला म्हणजे पुरे! अधिपत्रावाचून अटक, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे डांबून ठेवणे, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत किंग्जवे कॅम्पच्या सेवाकुटीरात यासाठी न्यायालय बसत असे. 'सेवा' या शब्दाची याहून मोठी विटंबना आमच्या पाहण्यात नाही.

हा कायदा कोणत्या समाजातून निघाला? ज्या समाजात माधुकरी मागून विद्यार्जन करणे हा कमीपणा मानला जात नव्हता. वासुदेवाची टोपी पहाटे दारात दिसली तर सुपातून धान्य घालण्याची रीत होती. जोगवा, बहुरूपी, पोतराज यांना गावगाड्यात जागा होती. त्या रीतींतील सगळेच टिकवावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील कित्येकींच्या मुळाशी जातिभेद आणि लाचारी होती. पण त्या समाजाने दारिद्र्याला गुन्हा म्हटले नव्हते. आणि गाडगेबाबांचे काय? ज्यांच्यापाशी घर नव्हते, ज्यांच्या अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे, जे मिळेल ती भाकरी खात आणि मिळेल तेथे निजत, ते बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. तीन वर्षांनी झालेल्या या कायद्याच्या व्याख्येत ते अक्षरशः बसतात. बाबांच्या तसबिरी कचेऱ्यांत लावावयाच्या, त्यांच्या नावाने स्वच्छतेची अभियाने काढावयाची, आणि त्यांच्यासारखा दिसणारा माणूस रस्त्यात आढळला तर त्यास गाडीत घालावयाचे, ही आपली भक्ती!

दिल्लीपुरता हा कलंक ८ ऑगस्ट २०१८ रोजी धुतला गेला. दिल्ली उच्च न्यायालयात हंगामी मुख्य न्यायाधीश गीता मित्तल आणि न्या. सी. हरिशंकर यांच्या पीठाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य म्हणून रद्द केल्या. पण ज्या महाराष्ट्राने हा कायदा जगाला दिला, तेथे तो अजून जिवंत आहे. दिल्लीने टाकून दिलेले जोखड महाराष्ट्राने छातीशी धरून बसावे, याची खंत दिल्लीतील मराठी माणसाने बोलून दाखवावयास नको काय?

मराठी माणसाचे या प्रश्नातील कर्तृत्व केवळ लाजिरवाणेच आहे असे मात्र नाही. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुंबईच्या पदपथांवरील आणि झोपड्यांतील माणसांना उचलून शहराबाहेर, त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निर्णय दिला: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविका हिरावणे म्हणजे जगणेच हिरावणे. त्या निर्णयाने पदपथवासीयांना पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही, रीतसर सूचना देऊन त्यांना उठविण्यास वाव ठेवला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तत्त्व मोठे आणि पदरात पडले ते थोडे, असाच तो प्रकार होता. पण माणूस पदपथावर येतो तो कामासाठी येतो, आणि त्याची जागा व त्याचे काम यांची फारकत करता येत नाही, हे सत्य देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने त्या दिवशी लिहून ठेवले. छत्तीस वर्षांनी, २७ जुलै २०२१ रोजी, महामारीचे कारण सांगून भिकाऱ्यांना रस्त्यांवरून दूर करावे अशी मागणी त्याच न्यायालयापुढे आली, तेव्हा त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती मान्य करण्यास नकार दिला. हा उच्चभ्रूंचा दृष्टिकोन न्यायालय घेणार नाही, माणसे निरुपायाने रस्त्यावर येतात, असा त्यांचा अभिप्राय होता.

आणखी एका मराठी न्यायमूर्तींचे मत येथे टाळून चालणार नाही, कारण ते आमच्या मताच्या विरुद्ध आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्या सुनावणीत, पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई यांनी निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या फुकट योजनांवर टीका केली. फुकट धान्य आणि पैसा मिळाल्याने माणसे कामास तयार नसतात, मुख्य प्रवाहात आणण्याऐवजी आपण परोपजीवींचा एक वर्ग तर निर्माण करीत नाही ना, असा प्रश्न त्यांनी विचारला. निवडणुकीच्या बाजारातील खैरातींविषयीचा त्यांचा त्रागा आम्ही समजू शकतो. पण तो कनॉट प्लेसच्या ओवरीत निजणाऱ्यावर निघावा, हे आम्हांस पटत नाही. ज्याला पत्ता नाही त्याला शिधापत्रिका मिळविणे महाकठीण. ज्याला बँकेचे खाते उघडण्यास कागद नाहीत त्याच्या हाती योजनेचा पैसा पडावयाचा कसा? फुकट मिळण्याच्या रांगेतही जो उभा राहू शकत नाही, त्याला फुकटखाऊ म्हणणे न्याय्य नव्हे. आणि मुख्य प्रवाह म्हणजे तरी काय? काम, पत्ता आणि निर्धास्त झोप. पहिले त्याच्यापाशी आहे. उरलेली दोन निवाऱ्यावाचून येत नाहीत.

'दिल्लीत रात्रनिवारे आहेत, तेथे ही माणसे जात का नाहीत?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो विचारावयास हवा. दिल्ली नागरी निवारा सुधार मंडळाचे सुमारे दोनशे रात्रनिवारे आहेत. ते कसे मिळाले, हे आधी ध्यानात घ्या. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडच्या चौकातील तात्पुरता निवारा पालिकेने पाडला. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी शहर सजत होते. वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात सरकारला धारेवर धरले, आणि मग निवारे वाढू लागले. लाखभर वस्तीमागे शंभर माणसांचा एक कायम निवारा आणि प्रत्येकी पन्नास चौरस फूट जागा, असा दंडकही पुढे राष्ट्रीय योजनेत ठरला. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण पुष्कळसे निवारे म्हणजे पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा. हमालाला त्याची हातगाडी आत नेता येत नाही, आणि बाहेर ठेवली तर सकाळी ती सापडेल याची शाश्वती नाही. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको-मुले दुसरीकडे, मग कुटुंबाने फुटपाथच का पसंत करू नये? निवारा एका टोकाला आणि पहाटेचा कामाचा अड्डा दुसऱ्या टोकाला असेल, तर माणूस निवारा सोडील, काम सोडणार नाही. त्याच्या या शहाणपणाला आपण हट्ट म्हणतो. आणि जे निवारे आहेत तेही टिकतील याचा भरवसा काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये, जी-२० परिषदेच्या वर्षी, सराय काले खान येथील निवारा पाडला गेला. पाहुणे येणार म्हणून घरातल्या दुबळ्या माणसाला मागच्या दाराने बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला आपण काय म्हणतो?

'हे कनॉट प्लेसचे झाले, आमच्या नगराचा काय संबंध?' असे म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी चालत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेपर्यंत जावे. तेथील पदपथांवर आणि उड्डाणपुलाखाली बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग तपासणीच्या तारखेची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून असतात. त्यांना गावी घरे आहेत, शेतीवाडी आहे. दिल्लीत ते बेघर आहेत ते केवळ आजारामुळे. संस्थेची विश्रामसदने आहेत, पण येणाऱ्यांच्या लोंढ्यापुढे ती किती पुरणार? ही संस्था १९५६ साली स्थापन झाली, आणि गाडगेबाबा गेले तेही त्याच वर्षी. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आजही आसरा देते. रुग्णालय बांधताना रुग्णाबरोबर येणारा माणूस कोठे निजेल याचा विचार करणारी दृष्टी त्या निरक्षर माणसाच्या परंपरेत आहे. ती आम्हां साक्षरांच्या वसाहतींत का नसावी?

तेव्हा काय करावयाचे? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कनॉट प्लेस, पहाडगंज आणि जुन्या दिल्लीचे बाजार यांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, दिवसरात्र उघडे राहणारे पक्के निवारे हवेत. त्यांत सामान ठेवण्यास कुलपाची पेटी आणि गाडी लावण्यास जागा हवी. कुटुंबांस एकत्र राहता आले पाहिजे. एकट्या स्त्रियांना, म्हाताऱ्यांना, मनोरुग्णांना आणि व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गरजेची वेगळी व्यवस्था हवी. ज्यांची रोजची कमाई आहे त्यांच्यासाठी अल्प भाड्याची कामगार-वसतिगृहे हवीत. भाडे देण्यास ती माणसे तयार आहेत, कारण फुटपाथची रात्रही चोर आणि दंडुका यांमुळे त्यांना फुकट पडत नाही. बाजारात रात्री उघडी राहणारी स्वच्छतागृहे हवीत. त्याने व्यापाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. आणि कोणताही निवारा, पर्यायी निवारा तयार होऊन माणसे तेथे पोहोचल्यावाचून पाडला जाऊ नये.

हे सरकारकडे मागावयाचे. आपल्याकडे मागावयाचे ते याहून सोपे आहे. आपल्या वसाहतीजवळ निवारा होणार अशी वार्ता आली की विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा होऊ लागतात. त्या अर्जावर मराठी सही असू नये. दिल्लीतील आपली मंडळे गणेशोत्सवात हजारोंच्या पंगती उठवितात. त्या पंगतींची भांडी घासणारा रात्री कोठे निजतो, याची चौकशी त्यांनी एकदा करावी आणि येत्या हिवाळ्यापूर्वी जवळच्या निवाऱ्यात जाऊन तेथे काय उणे आहे ते पाहून लेखी मागणी करावी. आणि महाराष्ट्रातून जे खासदार व मंत्री दिल्लीस येतात, आपल्या समारंभांचे अध्यक्षपद भूषवितात, त्यांना शाल-श्रीफळ देताना एक निवेदनही द्यावे: १९५९ चा तो कायदा आता महाराष्ट्रातून रद्द करा. मुंबईने तो दिल्लीस दिला होता. दिल्लीतील मराठी माणसांनी तो मोडण्याची मागणी मुंबईकडे परत पाठवावी, यात काहीही वावगे नाही. या अंकाचे जे वाचक अशा निवेदनावर सही करण्यास तयार असतील, त्यांनी आपल्या मंडळाच्या पुढच्याच सभेत हा ठराव मांडावा, एवढीच आमची विनंती आहे.